घरतबाई आणि गावाचे दात

माणूस भेटला की आपण त्याच्या चेहऱ्याकडे बघतो. घरतबाई दातांकडे बघायच्या. पावणे गावच्या शाळेत मी बदलून आलो त्या दिवशी मुख्याध्यापक पवार सरांनी ओळख करून दिली, "हे सावंत सर, चौथी घेतील." मी हात जोडून हसलो. हसू पुरतं उमटायच्या आत बाई म्हणाल्या, "वरची डावी दाढ नाय तुमची. आ करा, बगू." आणि त्यांनी पर्समधून पेनाएवढी टॉर्च काढली. मी चाळिशीचा माणूस, दोन पोरांचा बाप, अख्ख्या स्टाफसमोर आ वासून उभा राहिलो. का राहिलो ते मला आजही सांगता येत नाही. बाईंनी सांगितलं की माणूस तोंड उघडत असे, एवढंच खरं.

"शेजारची पन जानार," टॉर्च विझवत त्या म्हणाल्या. "चहात साखर किती घेता?"

मी दोन चमचे म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून माझा चहा बिनसाखरेचा येऊ लागला. बाईंनी शिपायाला दम देऊन ठेवला होता. मी शिपायाकडे तक्रार केली, तर तो म्हणाला, "सर, तुमीच त्यांना सांगा ना. मला कशाला मधे घालता?" मी सांगितलं नाही. पावण्यात असेपर्यंत गोड चहा मिळायचा तो बाई रजेवर असतील तेव्हाच, आणि बाई रजा घेत नसत.

सुलोचना घरत, तिसरीच्या वर्गशिक्षिका. गाव जासई, उरणकडचं. वडील जमिनीच्या आंदोलनात पोलिसांची लाठी खाल्लेले. लग्न केलेलं नव्हतं, आणि का केलं नाही असं विचारायची कुणाची छाती नव्हती. वर्गात शिकवताना बाईंची भाषा पुस्तकातली, काना-मात्रा जागच्या जागी. दातांचा विषय निघाला की मात्र थेट गावची बोली. कुणी विरोध केला की त्या पदर खोचायच्या आणि ठरलेलं वाक्य फेकायच्या, "मागं हटायचं आमच्या गावात शिकवत नाय."

तेव्हा नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. पावणे गाव चारी बाजूंनी कारखान्यांनी वेढलेलं. सकाळी उठून आज कुणी काय हवेत सोडलंय ते लोक वासावरून ओळखायचे. शेतं गेली होती, त्यांच्या पैशातून चाळी उठल्या होत्या, घरोघरी रंगीत टीव्ही आला होता. मशेरी मात्र होती तिथंच होती. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळी उठल्याबरोबर बोटानं दातांना लावायची. गावातली प्रत्येक आजी मशेरी लावायची, आणि आजीच्या मांडीवर बसलेलं नातवंडही हळूच डबीत बोट घालायचं. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

अशात एकदा शाळेत दातांच्या डॉक्टरांची गाडी आली. शिकाऊ डॉक्टर होते, पोरं-पोरी, पांढरे कोट घातलेले. त्यांनी मुलांचे दात तपासले, तक्ते दाखवले, प्रत्येकाला एक ब्रश आणि पेस्टची छोटी ट्यूब दिली, फोटो काढले आणि गेले. पवार सरांनी अहवाल लिहिला. कार्यक्रम यशस्वी झाला असं सगळ्यांचं मत पडलं.

बाईंनी आठवड्याभरानं चौकशी केली. ट्यूबा गाडी गेली त्याच दिवशी संपल्या होत्या. पेस्ट गोड लागते हे कळल्यावर पोरांनी घरी जाता जाता चाटून संपवल्या. ज्या वाचल्या त्या आयांनी चटका बसल्यावर लावायला जपून ठेवल्या. ब्रशांचीही सोय लागली होती. एकानं बापाची सायकल लखलखीत केली होती. एका घरात सगळी माणसं मिळून एकच ब्रश वापरत होती, कारण बाकीचे चांगले आहेत, पाहुण्यांसाठी ठेवलेत.

दुसरी कुणी असती तर कपाळाला हात लावून गप्प बसली असती. बाईंनी सुताराकडून एक लांब फळी करून घेतली, तिला भोकं पाडली, प्रत्येक भोकाखाली मुलाचं नाव लिहिलं आणि सगळे ब्रश शाळेत जमा केले. दुसऱ्या दिवसापासून प्रार्थना झाली की अख्खी शाळा व्हरांड्याच्या कडेला ओळीनं बसून दात घासू लागली. बाई मोठ्यानं पाढे म्हणायच्या आणि पाढा संपेपर्यंत ब्रश थांबवायचा नाही. त्यामुळे झालं असं, की पुढे परीक्षेत पाढा आठवेनासा झाला की पोरं रिकामी मूठ तोंडापुढे हलवायची आणि त्यांना आठवायचं. इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांना हा प्रकार काय आहे ते शेवटपर्यंत समजलं नाही.

ते शिकाऊ डॉक्टर जाताना एक भलामोठा प्लास्टरचा जबडा विसरून गेले होते. बाईंनी तो ताब्यात घेतला. शाळेत कपाटाला कुलूप नव्हतं, म्हणून त्या तो रोज पिशवीतून घरी न्यायच्या आणि आणायच्या. एकदा उरणच्या एस.टी.त पिशवी कलंडली आणि जबडा शेजारी डुलक्या घेणाऱ्या माणसाच्या मांडीवर जाऊन उघडला. माणूस जागा झाला, त्यानं मांडीकडे बघितलं आणि पुढच्या थांब्याला उतरून गेला. "तंबाकू होती त्याच्या गालात," बाई आम्हाला सांगताना समाधानानं म्हणाल्या. "चांगला घाबरला."

पंधरा ऑगस्टच्या गोळ्या-बिस्किटांवर बाईंनी बंदी आणली आणि चणे-कुरमुरे वाटले. मला मुलगा पास झाल्याचे पेढे वाटायचे होते, तर म्हणाल्या, "वाटा. पन खाल्ल्यावर चूळ भरून दाखवायची, प्रत्येकानं." पवार सर साताऱ्याकडचे, स्वभावानं भित्रे. त्यांनी त्या दिवशी पेढा खाल्लाच नाही. "मला टेन्शन नको," म्हणाले.

हे सगळं एका मोठ्या भानगडीपर्यंत जाऊन पोचलं. बाईंनी मुलांना सांगितलं, घरात दात घासायला जे जे वापरतात ते उद्या घेऊन या, आपण प्रदर्शन मांडू. त्यांच्या डोक्यात नमुने होते, चिमूटभर राख, चिमूटभर मीठ. पण बाईंच्या शब्दाचा पोरांवर वचक असा, की त्यांनी नमुने आणले नाहीत, असेल ते सगळंच उचलून आणलं. मिठाची बरणी आली, कोळशाची पाटी आली, एकानं तर दारातल्या कडुनिंबाची फांदीच ओढत आणली. आणि टेबलावर ओळीनं मांडल्या गेल्या गावातल्या यच्चयावत आज्यांच्या मशेरीच्या डब्या. कुणी उशाखालून काढली होती, कुणी आजी झोपेत असताना कमरेची सोडवली होती.

थोड्याच वेळात शाळेवर मोर्चा आला. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असा त्या पिढीचा ठाम विश्वास, त्यामुळे मोर्चाला निकड होती. पुढे बायजाआजी. काष्ट्याचं लुगडं, कपाळावर आडवं गोंदण, आवाज खाडीपलीकडे जाईल असा.

"ए मास्तरीन, आमच्या डब्या दे. सकालपासून समद्या तशाच बसल्याव."

पवार सर केबिनमध्ये गेले आणि त्यांनी आतून कडी लावली. मी पळणार होतो, पण बाईंनी मला व्हरांड्यातल्या माठाजवळ चुळांना पाणी द्यायला उभं केलं होतं. बाईंनी पदर खोचला.

"देते. सगल्यांच्या देते. पन आदी आ करायचं. रांगेत या."

"आमी काय पोरं हाव?"

"नसाल तर जावा तशाच घरी."

मोर्चात जरा चुळबुळ झाली. मग निकडीनं अभिमानावर मात केली आणि गावातल्या आज्या शाळेच्या व्हरांड्यात रांगेत उभ्या राहिल्या. वर्गाच्या खिडक्यांत नातवंडांची गर्दी. एकेक आजी पुढे यायची, आ करायची, बाई टॉर्च मारायच्या, दोन शब्द सुनवायच्या आणि डबी हातात ठेवायच्या. आज्या जाता जाता हसत होत्या. बायजाआजी पुढारी, म्हणून ती सगळ्यांना पुढे करून शेवटी आली.

बाईंनी तिच्या तोंडात टॉर्च मारली आणि हात तसाच राहिला. त्यांनी डोकं थोडं वाकडं केलं, पुन्हा बघितलं. मग टॉर्च विझवली. एरवी कुणाच्या दातांवर बोलल्याशिवाय न राहणारी ती बाई काही बोलली नाही. टेबलाकडे गेली, बायजाआजीची डबी उघडली आणि सगळ्या गावासमोर ती गटारात उपडी केली.

बायजाआजी त्यानंतर जे बोलली ते मी लिहू शकत नाही.

बायजाआजीचा मुलगा नारायणशेठ. गावात त्याच्या तीन चाळी आणि तो शाळेच्या समितीवर. दुसऱ्या दिवशी तो पवार सरांकडे आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. आईचा गावासमोर अपमान झाला, बाईंनी तिची माफी मागायची आणि हे दात घासायचं खूळ बंद करायचं. नाहीतर बदली. वरच्या साहेबांकडे अर्ज गेला होता आणि साहेब मंगळवारी स्वतः येणार होते. तोपर्यंत शाळेच्या आवारात ब्रश बंद, असं पवार सरांनी जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तर बाई गेटच्या बाहेर रस्त्यावर उभ्या. ब्रशांची फळी कुंपणाला टेकवलेली आणि अख्खी शाळा फुटपाथवर बसून दात घासतेय. कारखान्यांकडे जाणारे कामगार थांबून बघत होते.

"बाई, सर बंद म्हणाले ना?"

"आवारात बंद बोलले. हे आवार हाय?" आणि त्यांनी साताचा पाढा सुरू केला.

पवार सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सावंत, तुमचं ऐकतील त्या. माफी मागून टाका म्हणावं. अहो, एका शब्दाचं काम आहे. बदली झाली तर ही फळी चुलीत जाईल, दुसरं काय?" माझं कुणीच ऐकत नसे, माझा चहा हा त्याचा पुरावा होता. पण फळीचं त्यांचं म्हणणं खरं होतं. बाई गेल्या असत्या तर पोरं आठवड्यात परत आज्यांच्या डबीवर गेली असती. म्हणून रविवारी मी एस.टी.त बसून जासईला गेलो.

रस्त्यानं बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या गाड्यांची रीघ आणि धूळ. बाईंचं घर जरा आत होतं, बैठं, पुढे ओटी. ओटीवर कुणी नव्हतं. दारात पोचलो तोच असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं. आत चुलीपुढे घरतबाई बसल्या होत्या आणि तव्यावर तंबाखू भाजत होत्या.

मी बघतच राहिलो. ज्या बाईंनी माझ्या चहातली साखर काढली त्या उलथन्यानं तंबाखू हलवत होत्या, करपू नये म्हणून जपून.

"हे काय, बाई?"

"मशेरी. दिसत नाय?" त्या मागे न बघता म्हणाल्या. "बसा. आईची हाय."

कोपऱ्यात खाटेवर एक म्हातारी होती. अंगानं एवढीशी. तोंडाला पदर लावलेला, वर फक्त डोळे. मी हात जोडले, तिनं मान हलवली.

"तिला लावता येत नाय आता," बाई म्हणाल्या. "तोंड उघडत नाय. पेज पाजते, ती पन कडेकडेनं. मुंबईचे डॉक्टर घरी न्या बोलले. पन डबी लागते तिला उशाला. वास घेते आनि गप पडते. वास शिळा झाला की रडते, मग मी नवी भाजते."

मी माफीचा विषय काढायला आलो होतो. तो बाईंनीच काढला.

"गालाच्या आत पांढरा डाग होता हिच्या. दुखत नव्हता, म्हनून कोनाला बोलली नाय. बायजाआजीचा तसाच हाय, त्याच जागी. अजून लहान हाय. त्यो बगितला आनि माझा हात आवरला नाय. डबी ओतली मी."

"मग हे सांगा ना त्यांना. नारायणशेठला सांगा, साहेबांना सांगा. सगळं मिटेल."

"आनि गावात काय होईल?" बाईंनी तवा खाली उतरवला. "बायजाआजीच्या तोंडात रोग हाय असं झालं की तिच्या हातचं पानी कोनी घेनार नाय. आमची ओटी बगितली ना येताना? पयले माझ्या आईच्या ओटीवर बायांना बसायला जागा नसायची. दोन वर्सांत एक बाय आली नाय. वास येतो बोलतात." त्यांनी उलथनं तव्यावर ठेवलं. "शंभर पोरांची तोंडं बगते मी रोज, सर. हिचं एकदा बगितलं नाय."

मी पेजेसारखा बिनसाखरेचा चहा प्यायलो आणि परत आलो. मला त्यांचा अभिमान वाटत होता आणि फार वाईट वाटत होतं, दोन्ही एकदमच. पवार सरांना मी एवढंच सांगितलं, की प्रयत्न केला.

मंगळवारी साहेब आले. केबिनमध्ये पवार सर, नारायणशेठ, खुर्चीच्या कडेला टेकलेली बायजाआजी आणि साक्षीदार म्हणून मी. बाई उभ्याच राहिल्या.

"डबी ओतली ती माझी चूक," त्या म्हणाल्या. "आजी, मी माफी मागते."

पवार सरांनी श्वास सोडला.

"दात घासायचं मात्र चालू राहनार. बदली केलीत तर तिकडच्या गावात चालू करीन आनि इकडं रविवारी येईन. मागं हटायचं आमच्या गावात शिकवत नाय."

पवार सरांनी सोडलेला श्वास परत घेतला. नारायणशेठ काही बोलणार, तोच बाई पुढे झाल्या आणि पर्समधून एक डबी काढून त्यांनी बायजाआजीच्या हातात दिली. "तुमची भरपाई."

आजीनं झाकण उघडलं, नाकाशी धरलं. तिचा चेहरा बदलला.

"दुकानची नाय ही. कोनी भाजली?"

"मीच."

"तुना भाजता येते?"

"आईसाठी भाजते," बाई म्हणाल्या. "ती आता लावत नाय. तिचं तोंड उघडत नाय. वास घेते फक्त."

साहेब अर्जावरून मान वर करून बघू लागले. त्यांना संदर्भ लागत नव्हता. पण बायजाआजी बाईंकडे बघत होती, आणि बघता बघता तिची जीभ आतून गालावर फिरली. बाहेरून दिसत होतं. जीभ एका जागी थांबली. तिथंच थोडा वेळ राहिली.

बाईंनी नजर काढली नाही.

आजीनं डबीचं झाकण लावलं आणि डबी टेबलावर ठेवून दिली. "तुज्या वलखीचा डाक्टर हाय का मंबयला?"

"हाय."

"आये, काय झालं?" नारायणशेठ म्हणाला.

"तू गप बस."

"उद्या जाऊ सकाळी," बाई म्हणाल्या.

"उद्या कनाला? आजच चल." आजी उठली. साहेबांनी तक्रारीचं काय म्हणून विचारलं, तर म्हणाली, "कसली तक्रार? माझी डबी मना मिलाली." आणि मिळालेली डबी टेबलावर तशीच ठेवून ती बाईंच्या मागोमाग निघून गेली. त्या दिवशी तिसरीचा वर्ग मी घेतला.

डाग वेळेवर निघाला. लहानसं ऑपरेशन झालं, टाके पडले, आणि बायजाआजीचा आवाज परत खाडीपलीकडे जाऊ लागला. ब्रशांची फळी फुटपाथवरून व्हरांड्यात परत आली. साहेबांनी या प्रकरणावर काय शेरा मारला ते मला ठाऊक नाही.

पुढच्या एका सकाळी मी शाळेत आलो तर पोरं दात घासत होती आणि बाई पाढा म्हणायच्या विसरून खांबाला टेकून उभ्या होत्या. मला वाटलं, आई गेली.

"बायजाआजी काल आमच्याकडं आली होती," त्या म्हणाल्या. "टाके पडलेत तरी आली, दोन गाड्या बदलून. बोलली, तुज्या आयेला बगायची हाय. आईच्या खाटेवरच बसली, जवळ, अगदी जवळ. सकाळपासून दुपारपर्यंत एकटीच बडबडत होती. नवऱ्याच्या गोष्टी, सुनांच्या गोष्टी, माझ्या नावानं शिव्या. आई हसत होती, सर. तोंड उघडत नाय तिचं, पन खांदे हलत होते. मी चुलीपाशी बसून बगत होते."

मी दुसरीकडे बघितलं. पोरांनी संधी साधून ब्रश थांबवले होते आणि आमच्याकडे टकामका बघत होती. बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि रांगेकडे वळल्या.

"काय बगताय माझ्याकडं? मागच्या दाढा कोन घासनार?"